एल्फिन्स्टन : वाडी गेली, नाव राहिले

पुण्यामुंबईच्या माणसाला एल्फिन्स्टन हे नाव परके नाही. पेशवाईच्या अखेरीचा रेसिडेंट, मुंबईचा गव्हर्नर, एक कॉलेज, आणि २०१८ साली प्रभादेवी होईपर्यंत एक रेल्वे स्टेशन, इतक्या ठिकाणी ते आपणांस भेटले. परंतु मूळचे ते माणसाचे नावच नव्हे; ते गावाचे आहे.

एडिंबरोच्या पूर्वेस, लोदियन प्रांतात, ट्रेनंटजवळ एल्फिन्स्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. नावाच्या शेवटी इंग्रजी ‘स्टोन’ दिसतो म्हणून कोणी त्यात दगड शोधील, तर तो फसेल. जुन्या लेखनात शेवट ‘टुन’ असा आहे. टुन म्हणजे कुंपणाआतली शेतवस्ती, आणि मधला ‘स’ षष्ठीचा. म्हणजे एल्फिन नावाच्या कोणा पुरुषाची वाडी! ही जमीन धारण करणारे घराणे तेराव्या शतकात ‘डी एल्फिन्स्टन’ म्हणवू लागले. हा ‘डी’ म्हणजे आपला ‘कर’च. फरक एवढाच की, आपल्याकडे गावात वीतभर जमीन नसलेलाही गावचा ‘कर’ होतो. तेथे सरदारांच्या बाबतीत आधी जमीन, मग नाव.

मग जमीनच गेली तर? १४३५ साली पायपरडीनच्या लढाईत सर अलेक्झांडर एल्फिन्स्टन पडला. मागे मुलगी अ‍ॅग्नेस आणि भाऊ हेन्री. आपल्याकडील वतनाच्या तंट्यांसारखाच तंटा माजला. अखेर मूळ वाडी मुलीकडे, आणि तिच्या विवाहाने जॉन्स्टन घराण्याकडे गेली. हेन्रीच्या वाट्याला फोर्थ नदीकाठची एअर्थकडील जमीन आली. गाव गेले, नाव मात्र भावाच्या वंशात राहिले. मग या मंडळींनी काय करावे? नव्या जमिनीलाच त्यांनी एल्फिन्स्टन म्हटले. गावाने घराण्याला दिलेले नाव घराण्याने दुसऱ्या भूमीला दिले!

१५१० साली या शाखेला लॉर्डपद मिळाले. पहिला लॉर्ड तीनच वर्षांत फ्लॉडनच्या रणांगणावर मारला गेला. अ‍ॅबर्डीनचे विद्यापीठ १४९५ मध्ये स्थापणारा बिशप विल्यम हाही याच आडनावाचा.

आपला माउंटस्टुअर्ट (जन्म १७७९) हा अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा. पदवी व इस्टेट थोरल्याची. धाकट्यांजवळ आडनाव तेवढे. म्हणून तो कंपनीच्या चाकरीत शिरून १७९६ साली हिंदुस्थानात आला. १८११ पासून पुण्यात रेसिडेंट, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. त्याच्या निरोपाच्या वेळी मुंबईकरांनी वर्गणी जमविली आणि तीतून कॉलेजचा पाया पडला. स्टेशनचे नाव मात्र त्याचे नव्हते, हा घोटाळा नेहमी होतो. ते १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर असलेल्या त्याच्या पुतण्याचे, तेराव्या लॉर्डचे.

लोदियनमधील खेड्याजवळचा जुना बुरूजवाडा कोळशाच्या खाणींनी जमीन खचल्यामुळे १९५५ साली बहुतेक पाडावा लागला. त्यानंतर त्रेसष्ट वर्षांनी परळजवळच्या स्टेशनवरील पाटीही उतरली. ट्रेनंटजवळच्या वाडीचे नाव अद्याप तेच आहे.