पट, व्यास आणि बैठक : हौशी दुर्बिणीचा इतिहास

१७५८ साली लंडनच्या जॉन डॉलंडने दोन वेगळ्या काचांचे जोडभिंग करण्याचे पेटंट घेतले आणि छोटी दुर्बीण खऱ्या अर्थाने वापरण्याजोगी झाली. त्याआधीच्या एकेरी भिंगातून कोणताही तेजस्वी तारा जांभळ्या-लाल झालरीसकट दिसे. ती झालर कमी करायची तर नळी लांबवत न्यावी लागे. पोलंडमधल्या हेवेलियसने तर सुमारे १५० फूट लांबीची दुर्बीण खांबावर टांगली होती. क्राउन आणि फ्लिंट या दोन काचांच्या जोडीने रंगदोष बराचसा निघाला, आणि तीन-चार फुटांच्या नळीतून शनीची कडी स्वच्छ दिसू लागली. अडचण उरली ती काचेची. रेघ किंवा बुडबुडा नसलेली फ्लिंट काच तीन-चार इंचांहून मोठी मिळणे मुश्कील होते. त्यात इंग्लंडमध्ये काचेवर जबर अबकारी कर होता, तो १८४५ साली उठला. त्यामुळे भिंगाचा व्यास एक इंचाने वाढला की किंमत कितीतरी पटींनी वाढे, आणि दुर्बीण ही जमीनदार, पाद्री आणि व्यापारी यांच्या घरची वस्तू होऊन बसली.

आरशाची दुर्बीण हा दुसरा मार्ग न्यूटनपासून ठाऊक होता, पण तो कष्टाचा होता. आरसा तांबे आणि कथील यांच्या ठिसूळ मिश्रधातूचा असे. बाथ शहरात संगीत शिकवून पोट भरणाऱ्या विल्यम हर्शेलने असे आरसे स्वतः ओतले आणि घासले. १३ मार्च १७८१ रोजी सहा इंचांहून थोड्या मोठ्या आरशाच्या, सात फुटी दुर्बिणीतून त्याला युरेनस दिसला. घरी बनवलेल्या दुर्बिणीने लावलेला हा सर्वांत मोठा शोध. मात्र धातूचा आरसा दमट हवेत काळवंडे, तो पुन्हा पॉलिश करावा लागे, आणि पॉलिश करताना जमवलेला आकार हमखास बिघडे. हर्शेलची चिकाटी सर्वांकडे असणे शक्य नव्हते.

ही कोंडी १८५० नंतरच्या काही वर्षांत फुटली. काचेवर चांदीचा पातळ थर बसवण्याची लीबिखची रासायनिक रीत जर्मनीत श्टाइनहाइलने आणि फ्रान्समध्ये लिऑं फूकोने दुर्बिणीच्या आरशाला लावली. चांदी काळी पडली तर ती धुऊन नवी चढवायची; खालच्या काचेचा आकार जसाच्या तसा राहतो. फूकोने आणखी एक गोष्ट दिली, आणि हौशी लोकांच्या दृष्टीने ती चांदीहून मोलाची ठरली : एक दिवा, एक सूक्ष्म छिद्र आणि एक पाते एवढ्यावर आरशाचा आकार तपासण्याची चाचणी. इंग्लंडात हेरफर्डच्या शाळेतला शिक्षक जॉर्ज विथ याने असे आरसे घासून विकायला सुरुवात केली आणि त्याच्या आरशांचे नाव झाले. त्याच परगण्यातला पाद्री थॉमस वेब याने १८५९ मध्ये ‘सेलेस्टियल ऑब्जेक्ट्स फॉर कॉमन टेलिस्कोप्स’ हे पुस्तक काढले. साध्या दुर्बिणीतून काय पाहावे याची ती यादी होतीच, पण पहिला भाग उपकरणाची पारख आणि निगा यांच्यासाठी राखलेला होता. वेबने सुरुवातीचे बरेच निरीक्षण ३.७ इंची भिंगाच्या दुर्बिणीने केले. त्यामुळे त्याचे सांगणे ऐपतवान वेधशाळांपेक्षा सामान्य वाचकाला जवळचे वाटे.

याच काळात विल्यम डॉज या दुसऱ्या पाद्र्याने जोडताऱ्यांची निरीक्षणे करून एक साधा नियम बसवला. दुर्बिणीला दोन तारे किती जवळ असेपर्यंत वेगळे दाखवता येतील हे तिच्या व्यासावर ठरते : ११६ला मिलिमीटरमधल्या व्यासाने भागले की उत्तर विकला या कोनमापात मिळते. साठ मिलिमीटरच्या भिंगाला सुमारे १.९ विकला, दीडशे मिलिमीटरच्या आरशाला पाऊण विकलेच्या आसपास. या हिशेबात ‘किती पट’ला कुठेच जागा नाही. नियम १८६७ मध्ये छापून आला. दुकानांनी तो मनावर घेतल्याचे मात्र आजही दिसत नाही.

तीन इंची दुर्बिणीतून किती काम होऊ शकते याचे भारतातले उदाहरण फाळणीपूर्व बंगालमधल्या जेसोरचे आहे. तिथल्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांना १९१०च्या हॅलेच्या धूमकेतूने वेड लावले. १९१२ साली त्यांनी इंग्लंडहून तीन इंची भिंगाची दुर्बीण मागवली आणि रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता रात्रीमागून रात्री नोंदवायला घेतली. या नोंदी अमेरिकेतल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेकडे, म्हणजे आव्सोकडे, जात. त्यांची संख्या पुढे ३७ हजारांच्या वर गेली. काम पाहून आव्सोने १९२६ मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. पुढे ती खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे आणि त्यांच्यामार्फत कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली. रूपविकारी ताऱ्याला ना मोठी पट लागते ना चित्राचा देखणेपणा. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करता आली की झाले. चंद्रांनी आपल्या दुर्बिणीला झेपेल असेच काम निवडले होते.

विकत घेण्याऐवजी बनवण्याची चाल रूढ झाली ती अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या स्प्रिंगफील्ड या यंत्रसामग्रीच्या गावात. ध्रुवीय मोहिमांवर जाऊन आलेला रसेल पोर्टर हा चित्रकार आणि वास्तुरचनाकार १९२० साली तिथल्या कारखान्यातल्या कामगारांना आरसा घासायला शिकवू लागला. पहिल्या वर्गात पंधरा पुरुष आणि एक स्त्री होती. १९२५ च्या नोव्हेंबरात अल्बर्ट इंगॉल्सने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये या मंडळींवर लेख लिहिला. वाचकांच्या मागणीवरून लगेच पोर्टरचे कृतिपर लेख आले आणि १९२६ मध्ये पुस्तक निघाले. गावाजवळच्या टेकडीवर मंडळाने बांधलेल्या ‘स्टेलाफेन’ या घराशी दुर्बीण बनवणाऱ्यांचा मेळा त्याच वर्षी सुरू झाला. तो अजून भरतो.

पोर्टरच्या शिष्यांनी जो आरसा प्रमाण मानला तो सहा इंची, ४८ इंच नाभीय अंतराचा, म्हणजे तेवढ्या अंतरावर प्रकाश एकवटणारा. ही निवड सहज झालेली नव्हती. सारख्या मापाच्या दोन काचेच्या तबकड्या घ्यायच्या, एक पिंपावर पक्की बसवायची, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी घालून दुसरी तिच्यावर पुढे-मागे घासायची. घासणारा पिंपाभोवती हळूहळू फिरत राहतो आणि हातातली काचही थोडी थोडी वळवत राहतो. वरची काच आपोआप खोलगट होते, खालची फुगीर. भुकटी टप्प्याटप्प्याने बारीक करत न्यायची, आणि शेवटी पिचच्या मऊ थरावर पॉलिश करायचे. इतके करून आरशाचा मध्य कडेपेक्षा खोल जातो तो जेमतेम सव्वा मिलिमीटर. हे पृष्ठ गोलीय असते. ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत आणायला ते अन्वस्त हवे. पण या मापाच्या आरशात त्या दोन आकारांतला फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरतो. नवशिक्याचा आरसा निव्वळ गोलीय राहिला तरी चंद्र आणि गुरू नीट दिसतात. नाभीय अंतर कमी करून दुर्बीण आखूड करायची म्हटली की हाच फरक झपाट्याने वाढतो आणि पहिलाच आरसा हातचा जातो. फूकोची चाचणी इतकी नाजूक असते की आरशावर क्षणभर अंगठा टेकवला तर उष्णतेने काचेला आलेला फुगवटाही त्यात दिसतो. म्हणूनच कॅन्ससच्या शेतातला क्लाइड टॉम्बॉ आरसे तपासण्यासाठी जमिनीत खड्डा खणून बसला : खाली हवा स्थिर आणि तापमान सारखे. १९२८ मध्ये बनवलेल्या नऊ इंची दुर्बिणीतून त्याने काढलेली गुरू-मंगळाची चित्रे पाहून लॉवेल वेधशाळेने त्याला बोलावून घेतले. फेब्रुवारी १९३० मध्ये त्याला प्लूटो सापडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी साठ मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण स्वस्तात जगभर पोहोचवली. तिच्या भिंगाला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. पुष्कळदा ते उत्तम असे. घोटाळा बाकीच्या सामानात होता. खोक्यावर पाचशे-सहाशे पट छापायची तर सातशे मिलिमीटर नाभीय अंतराला डोळ्याशी चार मिलिमीटरची नेत्रिका लावून वर तिप्पट करणारे बार्लो भिंग जोडायचे की ५२५ हा आकडा तयार. प्रत्यक्षात साठ मिलिमीटरला सव्वाशे पटींच्या पुढे काही नवीन दिसत नाही; प्रतिमा मोठी होते तितकीच अंधूक आणि पुसट होते. त्यात तिपाई काटकुळी, फोकसच्या चाकाला हात लागला की गुरू नाचू लागे. २४.५ मिलिमीटर मापाच्या नेत्रिकांतून पाहणे म्हणजे किल्लीच्या भोकातून पाहणे. सर्वांत वाईट जोडवस्तू म्हणजे नेत्रिकेवर चढवायची सूर्याची काळी काच. भिंगाने एकवटलेल्या उन्हात ती तडकली तर डोळ्याला इजा होण्यापासून वाचवणारे मध्ये काहीच उरत नसे. सूर्यासाठी गाळणी दुर्बिणीच्या तोंडाशी, प्रकाश आत शिरण्यापूर्वीच बसवायची, ही आजची रीत त्यामुळेच पक्की झाली.

नेत्रिकांचा इतिहास भिंगांपेक्षा संथ आहे. केलनरची रचना १८४९ची आणि प्लॉसलची १८६०ची. चार भिंगांची प्लॉसल आजही नव्या दुर्बिणीसोबत येते. मोठा बदल १९८०च्या सुमाराला झाला, अल नॅगलरच्या ८२ अंश दृश्यक्षेत्राच्या नेत्रिकेने. तिची किंमत मात्र एखाद्या छोट्या दुर्बिणीइतकी असते.

बैठकीचा प्रश्न सुटला तो सॅन फ्रान्सिस्कोत, आणि तोही रामकृष्ण परंपरेतल्या वेदान्त मठात. जॉन डॉब्सन १९४४ मध्ये तिथे साधक म्हणून दाखल झाला. विश्वाविषयी विज्ञान काय म्हणते आणि वेदान्त काय म्हणतो याचा मेळ घालण्याचे काम त्याच्याकडे होते. १९५६ मध्ये त्याने जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून बारा इंची आरसा केला. त्यातून चंद्र पाहिल्यावर हे सगळ्यांनी पाहिले पाहिजे असे त्याने ठरवले. रात्री दुर्बीण घेऊन बाहेर पडण्याची सवय मठाला मानवली नाही आणि १९६७ मध्ये त्याला बाहेर पडावे लागले. पुढच्याच वर्षी फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवणारी मंडळी त्याच्याभोवती जमली.

डॉब्सनची दुर्बीण पाहून जाणकार हसत. नळी काँक्रीटचे खांब ओतायच्या पुठ्ठ्याच्या साच्याची, बैठक प्लायवूडच्या खोक्याची. नळीच्या दोन्ही बाजूंना गोल चकत्या, त्या टेफ्लॉनच्या तुकड्यांवर टेकलेल्या. खाली फॉर्मायकावर पुन्हा टेफ्लॉन. या दोन पृष्ठभागांतले घर्षण सोयीचे असते : बोटाने ढकलले की दुर्बीण सरकते, बोट काढले की तिथेच थांबते, मागे-पुढे होत नाही. पृथ्वीच्या फिरण्याबरोबर आपोआप सरकणारी विषुववृत्तीय बैठक, तिची जड वजने आणि दातेरी चाके यांतले काहीच लागत नाही. बैठकीवरचे वाचलेले सारे पैसे आरशाच्या व्यासावर घालता येतात. १९८० मध्ये कुल्टर कंपनीने १३.१ इंची ‘ओडिसी’ याच पद्धतीने बाजारात आणली तेव्हा अंधुक दीर्घिका पाहणे हे हौशी माणसाच्या आवाक्यात आले. याला पर्यायही निघाले होते. १९७० साली आलेल्या सेलेस्ट्रॉनच्या आठ इंची आखूड दुर्बिणीमुळे गाडीच्या डिकीत मावणारी, मोटरवर चालणारी दुर्बीण सर्वांना ठाऊक झाली, पण तिच्या किमतीत डॉब्सनच्या पद्धतीची कितीतरी मोठी दुर्बीण येई.

महाराष्ट्रात हा छंद आधी संस्थांमधून वाढला. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ची. मुंबईचे खगोल मंडळ हॅलेचा धूमकेतू परत आला त्या सुमाराचे. आयात केलेली दुर्बीण फारच थोड्यांच्या घरी असे. त्यामुळे एका दुर्बिणीमागे पन्नास जणांची रांग आणि रात्रभर जागून केलेले आकाशदर्शन, वांगणीसारख्या ठिकाणी, ही इथली रीत ठरली. आरसा घासण्याच्या कार्यशाळा पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेने १९९०च्या दशकात तिथल्या अरविंद परांजपे यांच्या पुढाकाराने भरवल्या आणि शाळा-कॉलेजांतून डॉब्सनी बैठकीच्या दुर्बिणी दिसू लागल्या. अमेरिकन पुस्तकांत न सापडणारी एक गोष्ट मात्र इथल्यांना स्वतःच शिकावी लागली. पावसाळ्याचे चार महिने दुर्बीण पेटीत बंद राहते आणि दमट हवेत भिंगावर व नेत्रिकेच्या आत बुरशी धरते. कोकणात तर एका पावसातच. म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि अधूनमधून त्या भाजून कोरड्या करायच्या. आरशावर आता चांदीऐवजी ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, पण तोही काही वर्षांनी विटतो. तो नव्याने चढवायला निर्वात यंत्रणा लागते, आणि त्यासाठी आरसा नीट गुंडाळून पाठवावा लागतो.

नव्या शतकात तारा स्वतः शोधणाऱ्या संगणकी बैठका स्वस्त झाल्या. २०२३ मध्ये आलेल्या ‘सीस्टार’सारख्या पन्नास मिलिमीटरच्या यंत्रात तर नेत्रिकाच नाही; आतला कॅमेरा दहा-दहा सेकंदांची छायाचित्रे एकावर एक रचतो आणि चित्र मोबाईलवर उमटते. शहराच्या उजेडातही ओरायनचा तेजोमेघ त्यात रंगीत दिसतो. ग्रहांसाठी मात्र पन्नास मिलिमीटर अपुरेच पडतात, कारण डॉजचा नियम कॅमेऱ्यालाही सुटत नाही. शनीची कडी डोळ्याने पाहायची तर सहा इंची आरसा आणि प्लायवूडची बैठक हीच जोडी आजही कमी पैशांत सर्वांत चांगली ठरते.