हात, पाते आणि दिवा : जुन्या मोटारींच्या इशाऱ्यांची कहाणी

आपण थांबणार आहोत किंवा वळणार आहोत हे मागून येणाऱ्याला कळवायचे कसे, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. आमच्या इंदुरात रामबाग, नारायणबागेकडच्या जुन्या घरांतून एखादी फियाट, एखादी अँबेसेडर, क्वचित एखादी मॉरिस अजून कापडाखाली उभी असते. नातवंडांना हौस येते, गाडी पुन्हा रस्त्यावर काढायचे ठरते, आणि हाच प्रश्न आडवा येतो. इंजिन चार दिवसांच्या खटपटीने सुरू होते. पण ब्रेक दाबला तर मागचा दिवा लागत नाही, आणि मागचा रिक्षावाला तर दिव्याशिवाय दुसरे काही बघायला शिकलेलाच नाही. अशा वेळी पहिल्या भेटलेल्या मिस्त्रीकडून सगळी जुनी वायर कापून नवी टाकून घेण्याचा मोह होतो. तसे करण्यापूर्वी ही वायर तिथे कशी आली, हे आपण एकदा पाहावे, म्हणून हा लेख.

सुरुवातीला वायर नव्हतीच, हात होता. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे उजवा हात खिडकीबाहेर. उजवीकडे वळायचे तर हात आडवा, तळवा पुढे. थांबायचे तर कोपरापासून हात उभा. वेग कमी करायचा तर आडवा हात, तळवा खाली, वरखाली हलवायचा. डावीकडे वळायचे तर तोच उजवा हात घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतही हे इशारे लिहिलेले आहेत. ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण मोटारवाल्यांना मात्र लागू नव्हती. अवलक्षण व्हायचे ते हात न दाखवल्याने.

आपल्या कायद्याची भाषाही हातापासूनच निघते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात डाव्या स्टिअरिंगची गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची तर तिला यांत्रिक किंवा विजेचे इशाऱ्याचे साधन चालू स्थितीत असलेच पाहिजे, असे आहे. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीने तसे साधन वापरले तरी चालेल, इतकेच म्हटले आहे. कारण उघड आहे. डावीकडे बसलेल्याचा हात रस्त्याच्या मधल्या बाजूला दिसतच नाही. जुन्या अमेरिकन गाड्या ज्या घरांत होत्या त्यांना हे चांगले ठाऊक असेल.

पण हाताला मर्यादा होत्या. पाऊस असला की काच खाली करायची नाही, आणि रात्री हात कोणाला दिसतो? अमेरिकेतल्या मूकपटांच्या काळातली अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स हिने १९१४ च्या सुमारास मागच्या बंपरवर दांडीने उठणारा इशारा आणि ब्रेक दाबताच वर येणारी ‘थांबा’ची पाटी तयार केली, असे सांगितले जाते. तिने त्याचे पेटंट घेतले नाही. पुढे विजेचा दिवा आला, तो आधी एकटाच. १९२८ ते १९३१ मधली फोर्डची मॉडेल ए घेतली तर अमेरिकेत तिला मागे डाव्या बाजूला एकच दिवा मिळे. मागच्याला दोन दिवे हवेत, म्हणजे अंधारात गाडीची रुंदीही कळते, हा विचार उशिरा रुजला.

याच काळातली एक गाडी इंदूरकरांनी विसरू नये. यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यात बॉडी चढवलेली ड्यूसेनबर्ग मोटार जगभरच्या मोटारप्रेमींत प्रसिद्ध आहे. तिच्या पुढे वेगवेगळ्या रंगांचे जादा दिवे होते आणि आत महाराज आहेत की महाराणी, हे त्या रंगांवरून पोलिसांना कळे, असे मोटारप्रेमी सांगतात. बाकीच्या जगाला मोटारीचा दिवा ‘मी वळतो’ एवढेच सांगत होता. माणिकबागेच्या मोटारीचा दिवा ‘मी कोण’ हे सांगत होता. तो थाट वेगळाच!

ब्रिटिश गाड्यांनी तोडगा काढला तो पात्याचा. दोन दारांच्या मधल्या खांबात एक छोटे पाते लपवलेले असे. खटका दाबला की विजेचे चुंबक ते वर उचली. आत तीन वॉटचा लांबुळका बल्ब असे, आणि पाते नारिंगी उजळून रेल्वेच्या सिग्नलसारखे बाहेर येई. ल्यूकस कंपनीने त्याला ‘ट्रॅफिकेटर’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली आपली हिंदुस्थान १४ आणि मॉरिस मायनरची ‘बेबी हिंदुस्थान’ ही याच कुळातली. इंग्लंडमध्ये मायनरची पाती १९६१ पर्यंत टिकली. धुळीने पाते अडकले की खांबावर मुठीने एक ठोका द्यायचा, हा त्या गाड्यांचा ठरलेला उपचार. आत बसलेल्या पाहुण्याला मात्र चालक अचानक चिडला की काय असे वाटे.

अमेरिकेत ब्यूकने १९३९ मध्ये मागे लुकलुकणारा दिवा कारखान्यातूनच बसवून दिला. स्थिर दिव्यापेक्षा लुकलुकणारा दिवा नजरेच्या कडेलाही चटकन पकडतो, म्हणून अखेर तोच जिंकला. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या पाहायला उभे राहिलेल्या इंदूरकराला हे पटवून द्यायला नको. हजार स्थिर दिव्यांत डोळा जातो तो लुकलुकणाऱ्यावरच.

तो लुकलुकतो कसा, हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण ही करामत सुंदर आहे आणि मिस्त्री लोक ती डबी उघडून बघण्याऐवजी फेकून देतात. ल्यूकसच्या जुन्या गोल फ्लॅशरच्या डबीत एक बारीक, जास्त रोधाची तार ताणून बसवलेली असते. ती एका लोखंडी पट्टीला मागे ओढून धरते. इंडिकेटरचा खटका टाकला की वीज आधी या तारेतून जाते. तेवढ्याने दिवे नीट पेटत नाहीत, पण तार तापते, तापून लांबते, पट्टी सुटते आणि संपर्क जुळतो. आता वीज तारेला टाळून सरळ जाते, दिवे पूर्ण उजळतात. तार मात्र थंड होऊन आखडते, पट्टी पुन्हा ओढली जाते, दिवे विझतात. टिक-टिक हा आवाज त्या पट्टीचा. डबीवर तीन टोके असतात : बी म्हणजे बॅटरीकडून, एल म्हणजे दिव्यांकडे, पी म्हणजे डॅशबोर्डवरच्या छोट्या दिव्याकडे. एका बाजूच्या दोन बल्बांपैकी एक गेला की प्रवाह निम्मा होतो आणि डॅशबोर्डचा दिवा लुकलुकणे सोडतो. कॉम्प्युटर नसताना गाडीने स्वतःच तक्रार सांगण्याची ही सोय होती.

हिशेबही सोपा आहे. २१ वॉटचा एक बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, एका बाजूचे दोन साडेतीन. याच ओझ्यावर ती तार बेतलेली असते. आजचे एलईडी बल्ब यातला फार थोडा भाग घेतात, म्हणून ते बसवले की जुना फ्लॅशर गप्प बसतो. मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा लागतो. आणि गाडी जुनी ब्रिटिश असेल, बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असेल, तर बाजारातला साधा एलईडी आणि तसला फ्लॅशर दोन्ही उलटे पडतात. घेण्यापूर्वी बॅटरीची कोणती वायर बॉडीला गेली आहे, एवढे पाहावेच.

मधल्या काळात एक विचित्र संकर झाला. मागच्या दिव्यात जागा एका तेज तारेचीच, आणि ब्रेक व वळण दोन्ही सांगायचे. एम.जी. ए किंवा ऑस्टिन-हिलीसारख्या १९५० च्या दशकातल्या गाड्यांत त्यासाठी ल्यूकसचा डीबी-१० नावाचा रिले असे. ब्रेक दाबलेला असताना डावा इशारा दिला, तर रिले डाव्या दिव्याचे ब्रेकशी नाते तोडून त्याला लुकलुकवतो आणि उजवा स्थिर लाल ठेवतो. कल्पना हुशारीची, पण मागच्याला लाल लुकलुक म्हणजे नक्की काय, हा संभ्रम राहतोच. इंग्लंडने १ सप्टेंबर १९६५ पासूनच्या नव्या गाड्यांना इशाऱ्याचा दिवा नारिंगीच हवा, असे ठरवले. आमच्या मते तो शहाणपणाचा निर्णय होता. अमेरिकेत लाल इशारा अजून चालतो.

ब्रेकच्या दिव्याचे काम त्यामानाने सरळ. जुन्या ब्रिटिश गाड्यांत ब्रेक ऑइलच्या नळीवर पितळी स्विच असतो. पायाने दाब दिला की ऑइल आतला पडदा ढकलते आणि दोन टोके जुळतात. वय झाले की हा स्विच आळसावतो. हलक्या पायाला दिवा लागत नाही, जोरात दाबला की लागतो, आणि तोवर मागचा अंगावर आलेला असतो. तपासणी सोपी : स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना टेकवाव्यात. किल्ली चालू असताना दिवा लागला, तर दोष स्विचचा.

किल्ली चालू असताना, असे म्हणायला कारण आहे. ल्यूकसच्या वायरिंगमध्ये रंगांची एक लिपी आहे. तपकिरी म्हणजे सरळ बॅटरी. पांढरा म्हणजे किल्लीनंतरची वीज. हिरवा म्हणजे किल्लीनंतरची, फ्यूजमधून आलेली. हिरव्यावर जांभळी रेघ म्हणजे ब्रेकचा दिवा, हिरव्यावर लाल रेघ डावा इशारा, हिरव्यावर पांढरी रेघ उजवा. काळा म्हणजे अर्थ. ब्रेकचे दिवे, इशारे, वायपर आणि पेट्रोलचा काटा बहुधा एकाच फ्यूजवर असतात. म्हणून ब्रेकचा दिवा गेला की आधी पेट्रोलच्या काट्याकडे पाहावे. तोही मेला असेल, तर बल्ब बदलत बसू नये. या फ्यूजवर लिहिलेला ३५ हा आकडा वितळण्याचा असतो, सतत सोसण्याचा त्याच्या निम्मा. बाजारातला आजच्या पद्धतीचा ३५ चा फ्यूज तिथे बसवला तर फ्यूजऐवजी वायरच वितळेल. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाट, पद्मिनी या इटालियन वंशाच्या. त्यांना ही रंगांची लिपी लागू नाही, त्यांचा नकाशा वेगळा शोधावा.

जुन्या गाडीत नव्वद टक्के भुताटकी अर्थिंगची असते, असे आमचे मत. दिव्याला एकच वायर जाते आणि परतीचा रस्ता बॉडीच्या पत्र्यातून. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने दिव्याखाली छान रंग मारला की परतीचा रस्ता बंद. मग ब्रेक दाबला की वीज दुसऱ्या तारेतून उलटी वाट काढते आणि नको तो दिवा मंद चमकतो. कोणी म्हणते स्विच बिघडला, कोणी म्हणते सगळे वायरिंग जळले. खरा उपाय म्हणजे दिव्याच्या स्क्रूखालचा रंग सॅंडपेपरने खरवडणे, किंवा दिव्यापासून बॉडीच्या स्वच्छ बोल्टपर्यंत एक काळी वायर नेणे. खर्च चहाइतका.

पात्यांच्या गाडीला लुकलुकते दिवे लावावेत की नाही, यावर जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत वाद आहे. आम्हाला वाटते, लावावेत. खांबातून उगवणारे पाते आजच्या विशी-तिशीतल्या चालकाला इशारा म्हणून कळतच नाही. तो ते पाहून मोबाइल काढतो. पण पाते काढू नये, आणि जुन्या वायरच्या झुंबक्याला कात्री लावू नये. किल्लीनंतरच्या विजेवरून वेगळा फ्यूज टाकून नवी वायर स्वतंत्र न्यावी, दिवे बंपरच्या पट्टीला क्लॅम्पने बसवावेत, बॉडीला भोक पाडू नये. उद्या नातवाला गाडी मूळ रूपात हवी असेल तर अर्ध्या तासात सगळे निघाले पाहिजे. जुनी कापडी-रबरी वायर ठिसूळ होऊन तांबे उघडे पडले असेल तर ती अर्थातच बदलावी, पण त्याच रंगांत. पुढच्या मिस्त्रीला ती वाचता आली पाहिजे.

याला आता कायद्याचीही बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा ही अट. नोंदणी वीस हजार, दहा वर्षांसाठी. आणि रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे यांसाठी रस्त्यावर नेता येते. बडोद्याला जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यात भरलेल्या ‘ट्वेंटी वन गन सॅल्यूट’च्या मेळाव्याने पश्चिमेकडच्या आपल्या मराठी मंडळींतही ही हौस पुन्हा जागी केली आहे.

मिरवणुकीत जुनी गाडी काढण्याचा विचार असलेल्यांसाठी एक गोष्ट. या गाड्यांत डायनॅमो असतो. इंजिन मंद चालत असताना तो बॅटरी भरत नाही. पायी चालण्याच्या वेगाने तीन तास जायचे, दर पाच पावलांवर ब्रेक, दोन ब्रेक दिव्यांचे साडेतीन अँपिअर, वर इशारे : परत येईतो बॅटरी बसलेली असते आणि गाडी ढकलत आणावी लागते. आदल्या रात्री बॅटरी चार्जरवर लावावी, हेडलाइट बंद ठेवावे, आणि थांबलेले असताना ब्रेकवर पाय न ठेवता हँडब्रेक ओढावा.