गुठळी : रक्षक आणि वैरी

फराळाच्या गडबडीत बोटाला विळी लागते आणि थोड्याच वेळात रक्त आपोआप थिजते. या थिजण्याच्या गुणावर आपले जिणे उभे आहे. परंतु हाच गुण मेंदूच्या धमनीत उलटला, तर धडधाकट माणसाची वाचा जाते, हातपाय लुळे पडतात. मेंदूतील धमनीच्या फुगवट्यावरील उपचारांना या दुधारी गुणाशी सतत झुंजावे लागले आहे.

सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा यावा, तसा धमनीच्या दुबळ्या जागी फुगवटा येतो. तो फुटला की प्राणांवर बेतते. 1937 साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून अशा फुगवट्याच्या मानेला चांदीचा चिमटा लावला. पुढे 1990 साली इटलीचे गुइदो गुल्येल्मी यांनी लॉस एंजेलिस येथे कवटी न उघडताच उपचार केला. जांघेतील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत न्यायची, फुगवट्यात प्लॅटिनमच्या मऊ तारेची वेटोळी भरायची आणि सौम्य विद्युत्प्रवाहाने तार तेथेच सोडायची, अशी ही युक्ती. वेटोळ्यांभोवती रक्त थिजून फुगवटा बुजावा, हा हेतू.

म्हणजे गुठळी हवीच होती. पण तिला मर्यादा कोण शिकवणार? तारेवर किंवा नळीच्या टोकाशी जमलेली गुठळी निसटली, तर ती पुढच्या धमनीत अडकते आणि त्यापलीकडचा मेंदू रक्तावाचून तडफडतो.

यावरील उतारा पूर्वीच सापडला होता, आणि तोही बाल्टिमोरलाच! 1916 साली जे मॅक्लीन हा वैद्यकीचा विद्यार्थी रक्त गोठवणारे द्रव्य शोधीत होता. हाती लागले ते गोठू न देणारे. त्यातूनच हेपॅरिनची वाट उघडली. आज नळी आत असताना बहुधा हेच औषध देतात. धमनीत धातूची जाळी बसवली, तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या पुढे कित्येक महिने चालतात. औषध कमी पडले तर गुठळी, जास्त झाले तर रक्तस्राव. वैद्याला या दोहोंमधून वाट काढावी लागते.

हा धोका पत्करणे योग्य होते काय? फुटलेल्या फुगवट्यांच्या 2002 सालच्या मोठ्या तौलनिक चाचणीत, वर्षभरानंतर मृत वा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण कवटी उघडलेल्यांत 30.6 टक्के, तर वेटोळी भरलेल्यांत 23.7 टक्के आढळले.

वाचकहो, आपल्या घरी कोणाला अशा गोळ्या चालू असतील, तर सणाच्या धांदलीत त्या चुकवू नका आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून थांबवू नका. त्या इवल्या गोळीवर घरातील एका माणसाचे बोलणे-चालणे विसंबून असते.