टमी टकनंतरचे दिवस : पुण्यातल्या नाकापासून पोटाच्या पट्ट्यापर्यंत

"डॉक्टर, ऑपरेशन अर्ध्या दिवसात होईल, पण मी माणसात कधी येईन?" टमी टकचा विचार करणाऱ्या बहुतेक जणी हाच प्रश्न विचारतात. दोन-तीन बाळंतपणांनंतर किंवा वजन खूप उतरल्यावर पोटाची कातडी लोंबते, मधले स्नायू फाकतात. जादा कातडी काढून ते स्नायू पुन्हा जवळ शिवतात, तीच ही शस्त्रक्रिया. नांदुऱ्याची बाई त्यासाठी अकोला, नागपूर किंवा पुण्याला जाते, पण बरी होते ती नांदुऱ्यातल्या घरात. शेजारी सासूबाई असतात, भेटायला येणारे पाहुणे असतात आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा असतो. म्हणून आज या बरे होण्याचा थोडा इतिहास सांगतो. तो कळला की डॉक्टर अमुकच का सांगतात, हेही तुम्हाला कळेल.

सुरुवात पुण्यातून करू. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या सैन्यातला कावसजी नावाचा बैलगाडीवाला पकडला गेला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागीर वैद्याने त्याला कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये या शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ती पाहिल्याचेही त्यात आहे. वैद्याचे नाव मात्र त्या पत्रात नाही. मला याची कायम रुखरुख वाटते.

त्या पत्रात शस्त्रक्रियेनंतरचे दिवसही नोंदवलेले आहेत. कात पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर लावायचा आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक सांध्यावर ठेवायच्या. होय, आपल्या पानातलाच कात. चार दिवस दुसरे काही लावायचे नाही. मग तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे झोपवायचे, दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापड घालायचे. कपाळाशी जोडून ठेवलेली कातडीची पट्टी कापायची ती साधारण पंचविसाव्या दिवशी.

पंचवीस दिवस कशासाठी थांबायचे? कारण नव्या जागी बसवलेल्या कातडीला तिथला रक्तपुरवठा मिळेपर्यंत ती जुन्या पट्टीतून येणाऱ्या रक्तावरच जगते. टमी टकमध्ये नेमकी हीच गोष्ट घडते. पोटाची कातडी बरगड्यांपर्यंत मोकळी करून खाली ओढून शिवतात. तिच्या बऱ्याच रक्तवाहिन्या तोडाव्या लागतात आणि उरलेले रक्त मुख्यतः बाजूंनी येते. बेंबीखालचा मधला भाग सगळ्यात शेवटी असतो, म्हणून कातडी काळी पडली तर बहुधा तिथेच पडते. त्यामुळे पहिला आठवडाभर थोडे वाकून चालायचे, झोपताना पाठीमागे आणि गुडघ्यांखाली उशा घ्यायच्या, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. तंबाखू तर शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच दिवस पूर्ण बंद. मी विडी-सिगारेटविषयी विचारले की बायका हसतात आणि मिश्रीचे सांगायला विसरतात. निकोटिन मिश्रीतही असते आणि ते रक्तवाहिन्या आकसवते. लाजू नका, सांगा.

आता पोटाकडे येऊ. १८९९ मध्ये बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली या स्त्रीरोग शल्यविशारदाने एका अतिस्थूल बाईच्या पोटावरचा सुमारे साडेसात किलोचा चरबी-कातडीचा पदर काढला. तेव्हा हेतू सौंदर्याचा नव्हता, ओझे उतरवण्याचा होता. पुढे ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी १९६७ मध्ये टाक्यांची रेषा खाली, आतल्या कपड्यात झाकली जाईल अशी ठेवण्याची पद्धत मांडली आणि ही शस्त्रक्रिया जगभर पसरली.

केलींच्या काळात पोट उघडलेल्या रुग्णाला दोन-तीन आठवडे बिछान्यातून हलू देत नसत. टाके सुटतील, ही भीती. त्याच १८९९ मध्ये शिकागोचे एमिल रीस यांनी रुग्णांना लवकर उठवा असे लिहिले, पण फारसे कुणी ऐकले नाही. दुसऱ्या महायुद्धात खाटा आणि परिचारिका अपुऱ्या पडल्या, रुग्णांना उठवावेच लागले, आणि ते जास्त चांगले बरे होताना दिसले. डेट्रॉइटच्या डॅनियल लाइथाउसर यांचे या विषयावरचे पुस्तक १९४६ चे. पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्त गोठते, गाठ फुप्फुसात गेली तर जीव जातो. टमी टकमध्ये ही भीती खरी आहे, म्हणूनच त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी तुम्हाला धरून चालवतात. घरीही दर दोन तासांनी उठून अंगणात चक्कर मारा. पुण्याहून रात्रभराचा प्रवास करून नांदुऱ्याला यायचे असेल तर केव्हा निघायचे ते सर्जनलाच विचारा आणि गाडीत अधूनमधून उठा. एकाच पोटरीला सूज, दुखणे, एकाएकी धाप किंवा छातीत कळ आली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

पट्ट्याची गोष्ट त्याहून जुनी आहे. सुश्रुतसंहितेत पट्ट्या बांधण्याचे चौदा प्रकार आहेत. त्यातला पाठ, पोट आणि छातीसाठीचा तो 'विबंध'. आवळण्याच्या तीन तऱ्हाही सांगितल्या आहेत, गाढ, सम आणि शिथिल, आणि पोटासाठी सांगितली आहे ती 'सम'. आपल्याकडे बाळंतिणीचे पोट करकचून बांधण्याची सवय आहे, ती इथे चालत नाही. फार आवळलेला पट्टा त्याच कातडीचे रक्त अडवतो आणि श्वासही उथळ करतो. तळहात आत सरकला पाहिजे. पट्टा साधारण सहा आठवडे लागतो. आपल्या मे महिन्यात तो घालणे ही शिक्षाच, तेव्हा शक्य असेल तर दिवाळीनंतरची तारीख घ्या. आत सुती बनियन घाला, दोन पट्टे ठेवा, एक धुवायला.

कातडीखाली पाणी साचू नये म्हणून ठेवलेली नळी बहुधा एक-दोन आठवड्यांत निघते. पूर्वी जवळजवळ प्रत्येकीला ती लागे. आता काही सर्जन कातडी आतून स्नायूंच्या आवरणाला टाक्यांनी चिकटवतात आणि नळी टाळतात. नळी निघाल्यावर पोटात पाणी डुचमळल्यासारखे वाटले तर दाखवा, सुईने काढता येते. ताप, वाढती लाली, दुर्गंधी किंवा कातडी काळी पडणे, यासाठी फोनवर थांबू नका.

आणि सव्वा महिना. बाळंतिणीला आपण तो देतो, पण टमी टक करून आलेल्या बाईला घरचे दहाव्या दिवशी पाण्याची कळशी उचलायला लावतात. "आजारी थोडीच होती, हौसेने केलं," हे वाक्य मी ऐकले आहे. शिवलेल्या ऊतींना सहा आठवड्यांत साधारण निम्मी ताकद येते, तीन महिन्यांत सुमारे ८० टक्के, आणि मूळची पूर्ण ताकद परत येत नाही. म्हणून सहा आठवडे पाच किलोहून जड काही नाही, कडेवर मूलही नाही. मूल मांडीवर दुसऱ्या कुणीतरी आणून द्यावे. खोकताना पोटावर उशी दाबा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याने आतल्या टाक्यांवर ताण येतो.

तिसऱ्या आठवड्यात आरशात पाहून बऱ्याच जणी रडतात. सूज असते, संध्याकाळी ती वाढते, बेंबीखाली बधिर लागते, रेषा लालभडक दिसते. सूज उतरायला तीन ते सहा महिने लागतात, रेषा फिकी व्हायला वर्ष-दीड वर्ष. तपासणीला येताना सासूबाईंना किंवा नवऱ्याला बरोबर आणा, कळशीचे मी त्यांच्याशी बोलतो.