गुरुजी, सर आणि अण्णा

शिक्षकाला काय म्हणून हाक मारावी, हा प्रश्न तसा साधा. पण गुरू आणि शिष्य यांच्यामध्ये किती अंतर आहे, हे त्या एका हाकेवरून पुष्कळसे कळते.

आपल्या गावठी शाळेत पूर्वी पंतोजी असत. इंग्रजी अंमलात सरकारी शाळा निघाल्या आणि मास्तर आले. हायस्कुले-कॉलेजे झाली, तसे 'सर' आले. प्राथमिक शाळेने 'गुरुजी' आणि 'बाई' मात्र जपून ठेवले. आता गंमत पाहा. इंग्लंडातला शाळकरी मुलगा नुसतेच 'सर' म्हणतो. नावाला 'सर' लागते ते किताब मिळालेल्याच्या, आणि तेही नावाच्या आधी. आपण 'पाटील सर', 'कुलकर्णी सर' म्हणू लागलो. म्हणजे परका शब्द 'राव' आणि 'पंत' यांच्या जागी बसवला! अमेरिकेतल्या शाळांत बहुधा आडनावाला 'मिस्टर' लावतात, तर ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांत विद्यार्थी प्राध्यापकाला सर्रास नावानेच हाक मारतात. आपल्याला हे उद्धटपणाचे वाटेल. पण इंग्रजीत लहानथोरांना एकच 'यू'. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण अशा पायऱ्या आहेत, आणि विद्यार्थी बहुधा खालच्या पायरीवर!

ही पायरी काही मुलांना फार जाचली. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. साताऱ्याच्या त्या दिवसांत वर्गात आपल्याला कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. जिथे मुलाला जवळ बसायचीच बंदी, तिथे आदराच्या हाकेला अर्थ तो काय उरतो?

पुढे 1919 साल उजाडले. सांगलीला विलिंग्डन कॉलेज निघाले ते याच साली, आणि कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली तीही याच साली. 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे नाना जातींची मुले एकत्र राहिली, एका पंक्तीला जेवली. ही मुले भाऊरावांना सर म्हणत नसत, की मास्तरही म्हणत नसत. ती म्हणत 'अण्णा'. अण्णा म्हणजे कानडीतला थोरला भाऊ. आपल्या मिरज-सांगलीकडे हा शब्द घरोघरचा. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई अर्थातच 'वहिनी' झाल्या. मुलांच्या पोटाला घालण्यासाठी या माउलीने अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा विकले. 1930 मध्ये त्या गेल्या. म्हणजे बघा, हाकेतले नाते त्यांनी खरे करून दाखवले होते.

शिक्षक मित्रहो, आपल्याला मुले गुरुजी म्हणोत, सर म्हणोत वा मॅडम म्हणोत. ते आपल्या हाती थोडेच आहे. आपण मुलांना काय म्हणतो, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. हजेरी घेताना कुणाला 'बाळ' आणि कुणाला 'ए काळ्या' असे होत नाही ना, एवढे उद्या सकाळी वर्गात शिरताना आठवावे.