आधी उत्तर, मग प्रोग्राम : टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंटचा इतिहास 🧵

१/ साल १९४९. केंब्रिज विद्यापीठात ‘एड्सॅक’ हा संगणक नुकताच चालू झाला होता. जिन्यावरून ये-जा करताना त्याचे प्रमुख निर्माते मॉरिस विल्क्स यांना उमगले की, उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच प्रोग्राममधील चुका शोधण्यात जाणार! पुढे आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग नोंदवला.

२/ चूक ओळखायची तर बरोबर उत्तर आधी ठाऊक हवे. डॅनियल मॅक्रॅकन यांनी १९५७ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात हाच सल्ला दिला : प्रोग्राम लिहिण्यापूर्वी एक उदाहरण हाताने सोडवून ठेवावे आणि यंत्राचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे.

३/ या सल्ल्यामागे मनुष्यस्वभावाची जाण आहे. प्रोग्राम आधी लिहिला की त्याने दिलेले उत्तर बरोबरच वाटू लागते. कसोटी आधी ठरलेली असली, तर ती सोयीने वाकवता येत नाही.

४/ लवकरच अमेरिकेने मानवाला अंतराळात धाडण्याचा ‘मर्क्युरी’ प्रकल्प हाती घेतला. त्याच्या सॉफ्टवेअरचे काम अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या टप्प्यांत चाले आणि प्रत्येक टप्प्याच्या चाचण्या आधी लिहिल्या जात. येथील चूक अंतराळवीराच्या जिवावर बेतू शकत होती.

५/ पुढील दशकांत मात्र अनेक मोठ्या प्रकल्पांत आधी आराखडा, मग प्रोग्राम आणि सर्वांत शेवटी चाचणी असा क्रम रूढ झाला. दडलेली चूक सापडेपर्यंत तिच्यावर बरेच काही उभे राहिलेले असे.

६/ अमेरिकन प्रोग्रामर केंट बेक यांनी एका जुन्या पुस्तकात वाचले होते : अपेक्षित उत्तराची फीत आधी तयार करावी आणि प्रोग्रामची फीत तिच्याशी जुळेपर्यंत काम करावे. १९९४ मध्ये त्यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी चाचण्यांची चौकट प्रसिद्ध केली. ही पद्धत आपण केवळ ‘पुन्हा’ शोधली, असे ते म्हणतात.

७/ १९९६ मध्ये बेक क्रायस्लर या मोटार कंपनीच्या वेतनप्रणालीच्या कामात आले. १९९७ मध्ये त्या प्रणालीतून सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांचे वेतन निघू लागले. येथे प्रत्येक चुकीची झळ कोणाच्या तरी घरखर्चाला बसणार होती.

८/ पद्धत अशी. समजा, ४० तासांपर्यंत ताशी १० डॉलर आणि पुढील तासांना दीडपट दर आहे. मग ४५ तासांचे वेतन ४७५ डॉलर, हे आधी चाचणीत लिहायचे. प्रोग्रामच नसल्याने चाचणी नापास होते : लाल. ती उत्तीर्ण होईल एवढाच प्रोग्राम लिहायचा : हिरवा. त्यानंतर हिरवा रंग टिकवून रचना नीटनेटकी करायची आणि पुढच्या चाचणीकडे वळायचे.

९/ पहिले नापास होणे महत्त्वाचे असते. कधीच नापास न झालेली चाचणी खरोखर काही तपासते की नाही, हे कसे कळणार?

१०/ १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बेक आणि एरिक गॅमा यांनी जावा भाषेसाठी ‘जेयुनिट’ लिहिले. त्यामुळे ही पद्धत असंख्य प्रोग्रामरांच्या हाती पोहोचली. २००२ मध्ये बेक यांचे या विषयावरील पुस्तक आले.

११/ क्रायस्लरचा प्रकल्प मात्र सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचण्याआधीच २००० मध्ये बंद झाला. सांगितले तसे घडते का, हे चाचणी दाखवते. जे सांगितले तेच हवे होते का, याचा निर्णय माणसांनाच करावा लागतो.

१२/ तरीही जुन्या चाचण्या मागे राहून पहारा देतात. वर्षांनंतर एखाद्या नवख्याने प्रोग्रामला हात लावला आणि काही बिघडले, तर लाल रंग त्याला तत्काळ सावध करतो. बदल करण्याची भीती कमी करणे, हेच या पद्धतीचे मुख्य प्रयोजन.