चेनसॉचा जन्म आणि बधिर होणारी बोटं

लालबागच्या माझ्या दवाखान्यात काही वर्षांपूर्वी एक सुतार येत असत. तक्रार एकच : "डॉक्टरसाहेब, सकाळी बोटं बधिर होतात. शर्टाचं बटण लागत नाही." साखर तपासली, नॉर्मल. मी बी-१२ दिलं, मानेचा एक्स-रे काढायला सांगितला. तीन महिने असेच गेले. डिसेंबरात ते गावी जाऊन आले आणि म्हणाले, "थंडीत दोन बोटं खडूसारखी पांढरी पडली होती."

तेव्हा मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता : "तुम्ही नेमकं काय काम करता?"

पाडलेल्या चाळींच्या सागवानी तुळया आणि पावसाळ्यात पडलेल्या झाडांचे ओंडके चेनसॉने उभे चिरून ते फार्महाऊससाठी ओबडधोबड, 'जुन्या वाड्यासारख्या' तुळया बनवत होते. आजार त्या यंत्रातून आला होता. आणि वाचकहो, त्या यंत्राची मुळं वैद्यकशास्त्रातच आहेत.

मुंबई आणि सागवान

आपल्या शहराचं लाकडाशी जुनं नातं आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून सुतार घेऊन इथल्या गोदीत आले. त्यांच्या वंशजांनी सागवानाची जहाजं बांधली. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. गिरगावातल्या चाळींचे खांब, तुळया आणि जिनेही सागवानीच. पूर्वी ओंडका उंचावर ठेवून दोन माणसं तो लांब करवतीने चिरत. एक वर, एक खाली. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाई, दोघांची पाठ मोडे. पण बोटं पांढरी पडत नसत, कारण करवत थरथरत नाही.

व्हॉट्सअॅपवरचं अर्धसत्य

"पूर्वी बाळंतपणासाठी चेनसॉ वापरत" असा मेसेज तुम्हीही वाचला असेल. त्यात निम्मं खरं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी साखळीची करवत सुचवली. ती दातेरी नाजूक साखळी होती, दोन्ही टोकांना मुठी, आणि चालवायची हाताने. बाळ अडलं की आईच्या ओटीपोटाखाली दोन हाडं जिथे जुळतात तो सांधा कापून वाट रुंद करत. तेव्हा सिझेरियन म्हणजे बहुधा आईचा मृत्यू, आणि भुलीचं औषध तर १८४६ पर्यंत आलेलंच नव्हतं. सडलेलं हाड काढायलाही ही साखळी वापरत.

१८३० मध्ये जर्मनीच्या बर्नहार्ड हाइने यांनी पात्याभोवती फिरणारी साखळी बनवली. ती हँडलने फिरवायची. दिसायला ती आजच्या चेनसॉची धाकटी बहीणच. लाकडासाठी आंद्रेआस श्टील यांची विजेवरची चेनसॉ १९२६ मध्ये आली, पेट्रोलवरची १९२९ मध्ये. सुरुवातीची यंत्रं दोघांनी उचलायची होती. पुढे ती हलकी होऊन एका माणसाच्या हातात आली आणि कंपनंही त्याच हातांत गेली.

पांढऱ्या बोटांचा शोध

थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आवळून ती पांढरी पडतात, हे फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये लिहिलं. १९१८ मध्ये अमेरिकेत अॅलिस हॅमिल्टन यांनी हेच लक्षण हवेच्या हातोड्याने चुनखडक फोडणाऱ्या कामगारांत पाहिलं आणि दोष कंपनांकडे दाखवला. चेनसॉमुळे लाकूडतोड्यांचीही तीच गत झाली. फिनलंडमध्ये १९७२ साली तपासलेल्या लाकूडतोड्यांपैकी ४० टक्क्यांना हा त्रास होता. रबरी आधाराची, कमी थरथरणारी यंत्रं आली आणि १९९० पर्यंत प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. म्हणजे हा आजार टाळता येतो.

झाड पाडताना यंत्र थांबून थांबून चालतं. तुळई चिरताना मात्र ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने मिनिटामागून मिनिटं पूर्ण वेगात चालतं. जुन्या लाकडात खिळे असतात, त्यावर धार बोथट होते. धार गेली की जोर वाढतो आणि कंपनंही.

आपल्याकडची अडचण अशी, की मुंबईची उष्ण हवा हा आजार झाकते. बोटं पांढरी पडत नाहीत, नुसत्या मुंग्या येतात. मग आम्ही डॉक्टर मधुमेह आणि मणके शोधत बसतो.

तुम्ही काय कराल?

• चेनसॉ, ग्राइंडर, ब्रेकर यांपैकी काहीही चालवत असाल तर डॉक्टरांना न विचारता सांगा.
• साखळीला धार ठेवा, रबरी आधार झिजले की बदला, मध्ये मध्ये थांबा. नुसत्या हातमोज्यांवर विसंबू नका.
• तंबाखू सोडा. निकोटिन त्याच रक्तवाहिन्या आवळतं.
• कानांना संरक्षण हवंच. १०० डेसिबल आवाजात सुरक्षित वेळ दिवसाला जेमतेम १५ मिनिटं, आणि चेनसॉचा आवाज त्याहूनही जास्त असू शकतो.
• मास्क लावा. लाकडाची धूळ नाकाचा कॅन्सर करू शकते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलं आहे. एकच नाकपुडी सतत बंद राहत असेल किंवा तिच्यातून रक्त येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

त्या सुतारांनी यंत्र बदललं, तंबाखू सोडली, चिरण्याचं काम निम्म्यावर आणलं. बोटं पांढरी पडणं थांबलं. उजव्या हाताच्या दोन बोटांची बधिरता मात्र राहिली. ते तीन महिने आधी वाचले असते, तर ती कदाचित कमी राहिली असती. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर नाव आणि वयानंतर तिसरी ओळ असते : काम काय करता?